हवालाचं दुसरं टोक

आखातातल्या कुठल्याही लेबर कॅम्पमध्ये पगार हातात पडला की पहिल्या सुट्टीला सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, आज रेट काय चाललाय. एक्स्चेंजवाला काय देतोय आणि बाहेर काय मिळतंय. बाहेर म्हणजे नेमकं कुठे हे कोणी विचारत नाही कारण ते सगळ्यांना माहीत असतं, आपल्याच मुलखातला एक माणूस असतो, त्याच्याकडे हजार रियाल द्यायचे, घरच्यांचा फोन नंबर सांगायचा, तो तिकडे एक मेसेज टाकतो आणि संध्याकाळच्या आत कोणीतरी मोटरसायकलवरून घरी जाऊन नोटा मोजून देऊन येतो. ओळख पटवायला काय, तर एखाद्या साध्या नोटेवरचा नंबर आधी कळवलेला असतो, ती नोट दाखवली, नंबर जुळला की काम झालं. पावती नाही, फॉर्म नाही, सही नाही. घरून फोन येतो, "मिळाले", आणि तो माणूस निवांत झोपतो.

याला आपण हवाला म्हणतो आणि हा शब्द कानावर पडला की घोटाळा, काळा पैसा, अतिरेकी असलंच काहीतरी डोक्यात येतं. पण आपल्याच रोजच्या बोलण्यात 'हवाली करणं' म्हणजे भरवशाने दुसऱ्याच्या ताब्यात देणं, आणि त्या मजुराने केलेलं असतं ते एवढंच. माझं म्हणणं असंय की सरकारं गेली पन्नास वर्षं या व्यवहाराच्या चुकीच्या टोकाला धरून बसलीयत. पैसे पाठवणाऱ्या मजुराला पकडा, दटावा, त्याच्यावर कर लावा, त्याला बँकेत ढकला, हे सगळं करून झालं आणि हवाला आहे तिथेच आहे, कारण तो मजुराच्या जिवावर चालतच नाही.

मग कोणाच्या जिवावर चालतो, हे नीट बघायला पाहिजे कारण सगळा मुद्दा इथेच आहे. मजुराने रियाल दिले ते आखातातल्या हवालावाल्याकडे राहिले. इकडे त्याच्या भागीदाराने आपल्या गल्ल्यातून घरच्यांना स्थानिक चलनात पैसे दिले. म्हणजे एकाकडे रियाल साठत जातात आणि दुसऱ्याचा गल्ला रिकामा होत जातो, पैसा सीमा ओलांडतच नाही. असं किती दिवस चालणार? गल्ला परत भरायला मायदेशात असं गिऱ्हाईक लागतं ज्याच्याकडे स्थानिक रोकड भरपूर आहे आणि ज्याला परदेशात परकी चलन हवंय पण बँकेतून मागता येत नाही. हे गिऱ्हाईक कोण? मालाचं बिल अर्ध्या किमतीचं दाखवून सीमाशुल्क चुकवणारा आयातदार, ज्याला उरलेली अर्धी किंमत गुपचूप चुकवायचीय. सोन्याची तस्करी करणारा. लाचेचा पैसा बाहेर नेणारा पुढारी किंवा अधिकारी. परदेशात फ्लॅट घ्यायचाय पण उत्पन्न दाखवायचं नाही असा कोणीतरी. हे लोक इकडे रोकड देतात, तिकडे मजुराने दिलेले रियाल उचलतात आणि त्यासाठी सरकारी दरापेक्षा वर मोजायला तयार असतात, आणि त्या वरच्या पैशातलाच थोडा भाग मजुराला 'चांगला रेट' म्हणून मिळतो. या मोठ्या गिऱ्हाइकाला बाहेर चलन लागायचं थांबलं तर हवालावाला मजुराला तो रेट देऊच शकणार नाही, कुठून देणार?

भारताचंच बघा. १९९० पर्यंत सोन्यावर सुवर्ण नियंत्रण कायदा होता, सोनं कायदेशीरपणे आणणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे दुबईहून तस्करीने यायचं आणि त्याची किंमत हवालातून चुकती व्हायची. १९९० मध्ये तो कायदा गेला, १९९२ मध्ये परदेशातून परत येणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून सोनं आणायची मुभा मिळाली, त्याच वर्षी डॉलरचा दुहेरी दर आला, म्हणजे काही डॉलर सरकारी दराने आणि बाकीचे बाजारदराने, आणि १९९३ मध्ये एकच बाजारदर झाला. परदेशातल्या भारतीयांनी अधिकृत मार्गाने पाठवलेला पैसा १९९०-९१ ला जेमतेम २ अब्ज डॉलर होता तो १९९६-९७ पर्यंत १२ अब्जांवर गेला. सगळं श्रेय या एका गोष्टीला देणार नाही मी, त्याच काळात अमेरिकेत जाणारे सॉफ्टवेअरवालेही वाढले, पण आखातातल्या मजुरांची संख्या काही सहा वर्षांत सहापट झाली नव्हती. तोच माणूस, तेच काम, तोच घरचा पत्ता, फक्त बँकेत आणि बाहेर मिळणाऱ्या दरातला फरक गेला आणि तो आपणहून बँकेकडे वळला.

उलटं उदाहरण पाकिस्तानचं. २०२१-२२ मध्ये तिथे अधिकृतपणे ३१ अब्ज डॉलरच्या वर आले. मग रुपयाचा दर दाबून धरायचे प्रयत्न झाले, बँकेतला आणि बाजारातला दर यात मोठी दरी पडली, आणि २०२२-२३ मध्ये आकडा २७ अब्जांच्या आसपास घसरला. पाकिस्तानी मजुरांनी घरी पैसे पाठवायचं थांबवलं होतं का? ते तर शक्यच नाही, महागाई एवढी होती की घरी जास्तच लागत होते. पुढे दर मोकळा झाला, दरी मिटली आणि २०२४-२५ मध्ये आकडा ३८ अब्जांच्या वर गेला. मधल्या काळात हवालावाल्यांवर छापेही पडले, ते मी मान्य करतो, पण छापे काय त्याआधीही पडतच होते.

आणि बांगलादेश. जुलै २०२४ च्या आंदोलनात गोळीबार झाला, इंटरनेट बंद झालं आणि परदेशातल्या कामगारांनी सरकारी मार्गाने पैसे पाठवू नका अशी हाक दिली. त्या महिन्यात जेमतेम १.९ अब्ज डॉलर आले. ऑगस्टमध्ये सरकार पडलं आणि त्यानंतर आकडा जो चढला तो २०२४-२५ या वर्षात ३० अब्जांवर गेला, आदल्या वर्षी तो २४ अब्जांच्या आत होता. देशावर राग असला की हुंडी, हवालाला तिकडे हेच म्हणतात, आणि विश्वास वाटला की बँक, असा याचा सोपा अर्थ लावता येतो आणि तो खोटाही नाही. पण दुसरं एक कारण सांगितलं जातं ते मला जास्त पटतं, पैसा बाहेर नेणारे बरेच बडे लोक सत्तेबरोबरच गेले, त्यामुळे हुंडीवाल्यांचं मोठं गिऱ्हाईकच कमी झालं.

आता यावर हमखास येणारा आक्षेप, की हवालातून दहशतवादाला पैसा जातो, तिथे हयगय करून कसं चालेल. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पण या नावाखाली प्रत्यक्षात काय झालं तेही बघायला हवं. सोमालियात १९९१ ला सरकार कोसळलं, बँका गेल्या, आणि परदेशात पांगलेल्या लोकांचा पैसा घरी पोचवायला हवाला कंपन्याच उरल्या. त्यात सगळ्यात मोठी अल-बरकात. ७ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकेने तिच्या कचेऱ्या बंद पाडल्या, खाती गोठवली, अल-कायदाचा पैसा फिरवते म्हणून. ज्यांचा पैसा त्या दिवशी वाटेत होता तो तिथेच अडकला, आणि तो कोणाचा होता तर टॅक्सी चालवणाऱ्यांचा, साफसफाई करणाऱ्यांचा. पुढे ९/११ च्या चौकशी आयोगाच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये जे तपासलं त्यात या आरोपाला आधार मिळाला नाही, आणि हल्लेखोरांना मिळालेला बराचसा पैसा तर बँकांच्या साध्या वायर ट्रान्सफरने, त्यांच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात आलेला होता. २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने अल-बरकातवरची युरोपातली कारवाई रद्द केली कारण त्यांना बाजू मांडायची संधीच दिली नव्हती. सात वर्षं गेली मधे.

२०१३ मध्ये पुन्हा तेच. बार्कलेज बँकेने ब्रिटनमधल्या पैसे पाठवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची खाती बंद करायचं ठरवलं, धोका नको म्हणून, त्यात सोमालियाला पैसे पाठवणारी दहाबशील होती. धावपटू मो फराहसुद्धा या निर्णयाविरुद्ध बोलला. प्रकरण कोर्टात गेलं, मनाईहुकूम मिळाला. बँकेच्या बाजूने बघितलं तर तिचं गणित समजतं, या धंद्यात तिला सुटणार किती आणि दंड झाला तर तो केवढा. पण असल्या गणितातून खाती बंद झाली की पैसा काय थांबतो का, तो सुटकेसमध्ये जातो, कोणाच्या तरी खिशात जातो, म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचंय तोच आणखी अंधारात ढकलला जातो. आणि ज्या जगाने हवालाला गुन्हा ठरवलं त्याच जगाच्या मदतसंस्थांनी ऑगस्ट २०२१ नंतर अफगाणिस्तानात बँका ठप्प झाल्यावर पगार आणि मदत पोचवायला हवालाच वापरला. त्यात मला काही चुकीचं वाटत नाही, लोक उपाशी असताना दुसरं काय करणार. मग तोच रस्ता मजुराने धरला की तो संशयित का होतो?

खर्चाचं थोडक्यात सांगतो. जागतिक बँक गेली कित्येक वर्षं हिशोब ठेवते, २०० डॉलर पाठवायला जगभरात सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे तेरा डॉलर, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत त्याहून जास्त, आणि सगळ्यात महाग रस्ता कुठला तर बँकेचाच. २००९ मध्ये जी-८ वाल्यांनी, म्हणजे आठ बड्या देशांच्या गटाने, इटलीत बसून पाच वर्षांत हा खर्च पाच टक्क्यांवर आणू म्हणून ठरवलं, तो अजून आलेला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या आत आणायचं ठरवलंय. शिवाय 'फी शून्य' असं लिहिलेलं असतं तिथे दरात कापलेले असतात, आणि ते मजुराला कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लेबर कॅम्पमध्ये जाऊन रेटवर चाललेली चर्चा ऐकावी. गरीब देशांकडे जाणारा हा पैसा २०२४ मध्ये ६८५ अब्ज डॉलरच्या घरात असल्याचा जागतिक बँकेचा अंदाज आहे, परकीय गुंतवणुकीपेक्षा जास्त आणि श्रीमंत देशांच्या मदतीच्या कितीतरी पट. हा फक्त मोजला गेलेला. न मोजलेला किती त्याची थोडी चाहूल कोरोनात लागली. एप्रिल २०२० मध्ये जागतिक बँकेने सांगितलं की यंदा हा पैसा वीस टक्क्यांनी घटेल, वर्षाचा हिशोब लागला तेव्हा घट निघाली दोन टक्क्यांच्याही आत. लोकांनी पोट मारून पाठवले हे तर खरंच, पण विमानं बंद, सीमा बंद, खिशातून जाणारा आणि हवालातून जाणारा पैसा बँकेच्या आणि मोबाईलच्या रस्त्याला लागला आणि पहिल्यांदाच मोजणीत आला, हेही त्याचं एक कारण.

सक्तीचा उपाय काही नवा नाही. फिलिपिन्सने १९७४ पासून माणसं परदेशी पाठवायचं धोरणच केलं आणि १९८२ च्या अखेरीस तिथला राष्ट्राध्यक्ष मार्कोसने हुकूम काढला की परदेशात काम करणाऱ्याने कमाईचा ठरावीक भाग सरकारमान्य बँकांतून पाठवलाच पाहिजे, खलाशांनी ८० टक्के, घरकामवाल्या बायकांनी ५० टक्के. नाही पाठवला तर पासपोर्ट पुन्हा मिळणार नाही. म्हणजे स्वतःच्या पगारातलं किती, कधी आणि कुठून पाठवायचं हे ठरवायचा हक्कसुद्धा तिचा नाही. हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बायका, ज्यांना आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळायचा, त्या बायकांनी तो दिवस याविरुद्ध उभं राहण्यात घातला, संघटना बांधली आणि १९८५ मध्ये सरकारला ती शिक्षेची कलमं मागे घ्यावी लागली. म्यानमारच्या लष्कराने २०२३ मध्ये तेच केलं, परदेशातल्या कामगारांनी कमाईचे २५ टक्के अधिकृत मार्गाने पाठवायचे, अशा सरकारी दराने की जो बाजारापेक्षा कितीतरी कमी. ज्याने हुंडी धरली त्याने माझ्या मते स्वतःची मजुरी वाचवली. आणि अमेरिकेने १ जानेवारी २०२६ पासून बाहेर जाणाऱ्या अशा पैशावर एक टक्का कर लावलाय, पण तो कोणावर तर जो रोख रक्कम किंवा मनीऑर्डर देऊन पाठवतो त्याच्यावर. बँक खात्यातून किंवा कार्डावरून पाठवलं तर नाही. खातं कोणाकडे नसतं हे काय सांगायला हवं का, ज्याला पगारच रोखीत मिळतो आणि ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्याकडे.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. 'अनौपचारिक' अर्थव्यवस्था हा शब्द ज्या संशोधनातून रुळला ते कीथ हार्ट नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचं होतं, घानाच्या अक्रा शहरात त्याने जे लोक अभ्यासले ते उत्तरेकडून पोट भरायला आलेले स्थलांतरित होते. १९७१ मध्ये त्याने मांडणी केली, १९७३ मध्ये लेख छापून आला. सरकारी आकडेवारीत जे बेकार होते ते प्रत्यक्षात दिवसरात्र राबत होते, एकाला तीन तीन कामं, फक्त ती कुठल्या वहीत लिहिलेली नव्हती. आज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशोबाने जगातले दोन अब्ज लोक असंच काम करतात, निम्म्याहून जास्त कामकरी माणसं. म्हणजे काम बिनकागदाचं, राहणं बिनकागदाचं, परदेशी जायला काढलेलं कर्जही बिनकागदाचं, आणि फक्त घरी पैसे पाठवताना मात्र सगळे कागद दाखव, पगाराचा दाखला दे, पत्त्याचा पुरावा दे. कुठून देणार तो?

त्या कर्जाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. बांगलादेशच्या सरकारी सांख्यिकी खात्याने २०२० मध्ये पाहणी केली तेव्हा परदेशी जायला एका माणसाचा जो सरासरी खर्च निघाला तो त्याच्या परदेशातल्या सतरा महिन्यांच्या कमाईहून जास्त होता. एजंट, त्याच्या खालचा दलाल, व्हिसा, मेडिकल, तिकीट, आणि हा पैसा उभा राहतो जमीन गहाण टाकून, दागिने मोडून, सावकाराकडून. म्हणजे पहिलं दीड वर्ष जो पैसा 'देशात येतो' म्हणून आपण मोजतो आणि ज्याचं कौतुक करतो तो घरात येतच नाही, तो सावकाराच्या घरात जातो. अर्थशास्त्रज्ञांची एक जुनी तक्रार असते की हा पैसा नुसता खाण्यापिण्यात, लग्नात, घराच्या भिंतीत जातो, उत्पादक कामात लागत नाही. मला या तक्रारीचा खरंच संताप येतो. पोराची फी, आईचं ऑपरेशन, गळकं छप्पर, हे उत्पादक नाही तर काय आहे, आणि कारखाने काढणं हे देशाचं काम असताना ते काँक्रीट ओतणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या पगारावर कोणी टाकलं? तो पैसा म्हणजे परकीय भांडवल नव्हे, ती एका माणसाची मजुरी आहे, आधीच घामाने मोजून झालेली.

हवालात सगळं गोड आहे असं मी अजिबात म्हणत नाही. हवालावाला पळाला तर दाद मागायला कुठे जाणार, तक्रार केली तर स्वतःच अडकणार. पैसा बँकेतून आला नाही म्हणून त्याच्या नावावर नोंद नाही, नोंद नाही म्हणून घरबांधणीला कर्ज नाही, हे नुकसान मजुराचंच आहे. आणि देशाला तो डॉलर मिळत नाही हेही खरंय, तेल आणि औषधं आणायला तो डॉलर लागतो. म्हणूनच तर मजूर बँकेकडे यावा असं मलाही वाटतं, पण तो यायचा असेल तर त्याला तिथे यावंसं वाटलं पाहिजे. केनियात २००७ मध्ये एम-पेसा आलं, साध्या फोनवरून, कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे रोख देऊन शहरातून गावी पैसे पाठवता यायला लागले, तेव्हा बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट देणाऱ्या लोकांवर कोणी छापे टाकले नव्हते. चिनी मजूर आग्नेय आशियातून पैसे पाठवायचे तेव्हा पैशाबरोबर पत्र जायचं, ते पोचवणारा माणूस घरी पैसे देऊन उलट टपाली दोन ओळी लिहून घ्यायचा आणि ती चिठ्ठी परत मजुराच्या हातात यायची. छियाओपी म्हणतात त्या पत्रांना, २०१३ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृती म्हणून नोंद केली. कुठल्या बँकेने अशी सेवा दिली होती तेव्हा?

दुसऱ्या टोकाला हात घालायचा तर साधनं हाताशी आहेत. एका देशाने अमुक माल एवढ्याला विकला म्हणून नोंद केलेली असते आणि दुसऱ्या देशाच्या सीमाशुल्क खात्यात तोच माल किती किमतीला आला याची नोंद असते, या दोन आकड्यांत वाहतूक आणि विमा धरूनसुद्धा न बसणारी तफावत असेल तर बिलं खोटी आहेत आणि ती कुठल्या मालात, कुठल्या बंदरावर आहेत हे बऱ्यापैकी कळतं. ही आकडेवारी संयुक्त राष्ट्रांकडे वर्षानुवर्षं जमा होते आणि अभ्यासक ती तशी वापरतात. पण त्या बिलांमागे जे लोक असतात त्यांचे वकील असतात, मंत्र्यांशी ओळखी असतात, निवडणुकीला पैसा त्यांच्याकडूनच येतो. मजूर सोपा पडतो. विमानतळावर अडवता येतो, खातं गोठवता येतं, रांगेत उभा करता येतो. ज्या सरकारला हवाला खरोखर कमी करायचाय त्याने आपला अधिकारी एक्स्चेंजच्या काउंटरवरून उचलून बंदरावरच्या कंटेनरच्या बिलांपाशी नेऊन बसवावा आणि चलनाचा दर खोटा ठेवायचं थांबवावं, तोपर्यंत कॅम्पमधला माणूस रेट विचारत राहणार आणि जिथे घरच्यांच्या हातात चार पैसे जास्त पडतील तिथेच देणार.